कटरच्या टोकाशी उजेड

मिलिंग मशीनला दिवा लावायचा म्हटलं की बहुतेक जण आधी छताकडे बघतात. आणखी एक ट्यूब, नाहीतर एलईडीची लांब पट्टी लावतात आणि शेड लख्ख झाली की काम झालं असं धरून चालतात. शेड लख्ख होतेही, पण कटर धातूला जिथं भिडतो तिथला अंधार काही हलत नाही. कारण मशीनच्या बांधणीतच आहे. टरेट प्रकारच्या मिलिंग मशीनचं हेड पुढं येऊन थेट टेबलावर ओणवं होतं. वर मोटर, खाली क्विल, म्हणजे वर-खाली सरकणारी नळी, आणि क्विलच्या तोंडाशी कटर. वरचा उजेड आधी हेड अडवतं, त्यातून जो सुटतो तो आपण वाकलो की आपलं डोकं अडवतं. जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, वाट्याला दोघांची सावली येते.

माझं मशीन टूलरूमवाले ज्याला ‘एम-वन-टीआर’ म्हणतात त्या टरेट घडणीचं आहे. १९३८ साली अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावात या प्रकारचं मशीन पहिल्यांदा निघालं, आणि पुढं जगभर त्याच आकाराची मशीनं बनत गेली. माझं भोसरीच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सामानातून आलं. चिंचवडला घराच्या मागं पत्र्याची शेड आहे, पूर्वेला एक खिडकी, बाकी तिन्ही बाजूंनी भिंत. घरात सिंगल फेज, म्हणून थ्री फेज मोटर व्हीएफडीवर, म्हणजे सिंगल फेजची थ्री फेज करून वेगही बदलू देणाऱ्या ड्राइव्हवर, चालवतो. निवृत्तीनंतर इथं मी वाफेच्या इंजिनांची छोटी मॉडेलं करतो आणि ओळखीपाळखीची कामंही घेतो: गिरणीच्या शाफ्टला की-वे (चावी बसायची खाच), कुणाच्या ड्रिलचं मोडलेलं ब्रॅकेट, शेतकऱ्याच्या पंपाचं कपलिंग. की-वे कापताना पाच-दहा शतांश मिलिमीटरचा फरक दिसायला हवा असतो, आणि तो दिसणं उजेडावर अवलंबून असतं.

वयाचा हिशोबही इथं सोडून चालत नाही. वीस वर्षांच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या माणसाच्या पडद्यावर पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. चष्म्याचा नंबर कितीही बरोबर असला तरी ही तूट चष्मा भरून काढत नाही. ती उजेडानंच भरायची.

पण त्यासाठी वॅट वाढवायची गरज नसते. छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. मी फोनवरच्या लक्समीटरनं बघितलं होतं. फोनचा आकडा फार विश्वासाचा नसतो, पण तुलनेला चालतो. मशीनवर कामाला उभा राहतो तसा वाकून उभा राहिलो तेव्हा कटरखाली शंभर लक्ससुद्धा नव्हते, आणि शेडच्या मधोमध मात्र चांगले तीनशे. नंतर फक्त चार वॅटचा दिवा कटरपासून वीतभर अंतरावर आणला तर आकडा दोन हजारांच्या वर गेला. छतावर चाळीस वॅट वाढवून हे झालं नसतं.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या लेखी तीच पहिली, कारण तिच्यात बोटं जाऊ शकतात.

माझी पुतणी मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. सुट्टीत शेडमध्ये येते. तिला मशीन शिकवायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यात आधी मी तिला एक खेळ दाखवला. शेडच्या कोपऱ्यात चोकवाली जुनी ट्यूब मुद्दाम काढलेली नाही, शिकवण्यासाठी ठेवली आहे. बाकीचे दिवे बंद केले, खिडकीवर पोतं टाकलं आणि फक्त ती ट्यूब लावली. स्पिंडलमध्ये चार दातांचा १० मिमी एंडमिल कटर. तिला मशीनपासून दोन हात लांब उभं केलं आणि स्पिंडल १५०० आरपीएमवर सोडला.

“काका, चालू नाही झालं का?”

कटर तिच्या डोळ्यांसमोर उभा होता. चारही दात स्वच्छ दिसत होते, मोजता येतील असे. मी व्हीएफडीवर आकडा अगदी थोडा खाली आणला. कटर उलट्या दिशेनं, डुलत डुलत फिरू लागला. मग ट्यूब बंद करून बॅटरीचा दिवा लावला, तर दातांच्या जागी नुसता धुरकट गोळा! ती दोन पावलं मागं सरकली. त्या दिवसापासून तिला “हात लांब ठेव” हे वेगळं सांगावं लागलेलं नाही.

यामागचा हिशोब सोपा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. चोकवाली ट्यूब प्रत्येक अर्ध्या लाटेला मंदावते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ती लुकलुक कळत नाही. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेरे. चार दातांच्या कटरचा दात एकाच जागेवर सेकंदाला २५ गुणिले ४, म्हणजे बरोबर १०० वेळा येतो. प्रत्येक लुकलुकीत डोळ्याला त्याच जागी दात दिसतो, म्हणून कटर थांबल्यासारखा वाटतो. दोन दातांचा कटर असेल तर हेच ३००० आरपीएमला होतं. चार पोलच्या इंडक्शन मोटरचा भाराखालचा वेग १४४० च्या आसपास असतो. त्या वेगात चार दातांचा कटर सेकंदाला ९६ दात दाखवतो, १०० ला चार कमी, म्हणून सेकंदाला एक फेरा या गतीनं तो उलटा फिरताना दिसतो. वेगानं फिरणारी वस्तू सावकाश फिरताना दिसणं हे मला थांबलेली दिसण्यापेक्षा जास्त घातक वाटतं. थांबलेल्यावर माणूस शंका घेतो, सावकाश फिरणाऱ्यावर घेत नाही.

जुन्या टूलरूममध्ये हे ठाऊक होतं. शेजारशेजारच्या तीन ट्यूबा तीन वेगवेगळ्या फेजवर टाकत, म्हणजे एक मंदावली तरी उरलेल्या दोघी उजेड धरून ठेवत. दोन ट्यूबांच्या पट्टीत एका ट्यूबला कपॅसिटर लावून तिची लुकलुक दुसरीपासून मागंपुढं करत. आणि प्रत्येक मशीनवर ट्रान्सफॉर्मरवरचा २४ व्होल्टचा तारेचा बल्ब असे. सेकंदाच्या शंभराव्या भागात तारेला थंड व्हायला वेळच मिळत नाही, त्यामुळे तिचा उजेड जवळपास सलग राहतो. उन्हाळ्यात त्या बल्बची धग कपाळाला लागायची, पण कटरबद्दल तो कधी खोटं सांगत नसे.

“आता सगळं एलईडी झालं, लुकलुक संपली” असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ड्रायव्हर, म्हणजे वीज सलग करणारं सर्किट, स्वतंत्र नसलेले, पाटीवरच चिकटवलेले स्वस्त एलईडी बल्ब त्याच १०० हर्ट्झनं लुकलुकतात, आणि एलईडीत ट्यूबच्या पावडरीसारखी उरलेली चमकही नसते, त्यामुळे काही बल्ब ट्यूबपेक्षा वाईट निघतात. ओळखायला यंत्र लागत नाही. अंधाऱ्या खोलीत फक्त तोच दिवा लावा, पेन्सिल नाहीतर चकचकीत स्टीलची सळई हातात घ्या आणि झपाझप आडवी हलवा. हाताच्या वाटेवर अखंड धूसर पट्टा दिसला तर दिवा चांगला. पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या सुट्या सळया दिसल्या तर तो दिवा देवघरात लावा, मशीनवर नको. सळई हलवण्याची ही परीक्षा मी तपकीर गल्लीतल्या दुकानात काउंटरवरच करतो. दुकानदारांना सवय झाली आहे.

म्हणून मशीनवर डीसी, म्हणजे सलग विजेवरचे, दिवे लावायचे हे आधीच ठरलं होतं. बारा व्होल्ट की चोवीस, हा प्रश्न होता. बारात वस्तू जास्त मिळतात. ‘एंजल आय’ नावाच्या गाडीच्या हेडलाइटच्या गोल रिंगा बारा व्होल्टच्याच असतात, नाना पेठेत लागेल त्या मापाच्या मिळतात, आणि बरेच जण त्याच क्विलभोवती लावतात. चालतात. पण मी पाहिलेल्यांचा उजेड निळसर होता आणि पाठ उघडी, तिथं कापताना ओतायचा कूलंट गेला की संपलं. मी चोवीस घेतलं. कारखान्यांत मशीनचे दिवे चोवीसचेच बघत आलोय. टाकीसारख्या अडचणीच्या जागी हातातला दिवा चोवीस व्होल्टपेक्षा जास्तीचा नको असं १९४८ चा कारखाना कायदाही म्हणायचा. माझी शेड म्हणजे टाकी नाही, पण कूलंटनं ओले हात, जमिनीवर ओला पत्रा आणि वायरीवर उडणाऱ्या धातूच्या धारदार चिप्स असं तिथं रोजचं असतं. आयईसी ६०२०४-१ या मशीनच्या विजेच्या मानकातही मशीनवरच्या दिव्याला ५० व्होल्टच्या आतच राहा अशी शिफारस आहे, आणि दिव्याचा स्विच होल्डरमध्ये किंवा लोंबत्या वायरीत नको अशी अट आहे. ती अट मी अक्षरशः पाळली. स्विच मशीनच्या खांबावर डाव्या बाजूला पत्र्याच्या डबीत घट्ट बसवले आहेत.

२४ व्होल्ट, २.५ अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेची डीसी करणारा पुरवठा, भिंतीवर लोखंडी पेटीत ठेवला आहे, पेटीला अर्थिंग, आउटपुटला २ अँपिअरचा फ्यूज. शेडच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, आधीपासून होताच.

दिव्यांची लाइन कुठून घेतली आहे हे मला इथं ठळकपणे सांगायचंय. ती इमर्जन्सी स्टॉपच्या आधीच्या बाजूनं घेतली आहे. लाल बटण दाबलं की मोटर थांबली पाहिजे, दिवा नाही. काहीतरी बिनसलंय म्हणूनच माणूस ते बटण दाबतो. कटर जॉबमध्ये अडकलाय, टेबलावरच्या पकडीतून, व्हाइसमधून, जॉब सरकलाय, आणि नेमक्या त्याच क्षणी अंधार झाला तर हात कुठं आहे आणि कटर कुठं, हेही दिसणार नाही. आणि व्हीएफडीच्या मोटरकडच्या तीन तारांमधून दिव्यासाठी काहीही काढायचं नाही. त्या तारांवरची वीज आपल्या घरच्या विजेसारखी नसते, एसएमपीएस तिच्यावर जगणार नाही. दिव्याच्या वायरी मोटरच्या केबलला बांधूनही नेलेल्या नाहीत, वेगळ्या वाटेनं आणल्या आहेत.

आता रिंग. माझ्या क्विलचा व्यास व्हर्नियरवर ८५.७ भरला. ८ मिमी अॅल्युमिनियमच्या पाटीची रिंग लेथवर काढली: आतून ८६, बाहेरून १५५. एका जागी करवतीनं फट पाडली आणि फटीत एम४चा अॅलन स्क्रू आडवा घातला, म्हणजे तो आवळला की रिंग क्विलला सगळीकडून सारखी मिठी मारते. ग्रब स्क्रूचं टोक थेट क्विलवर टेकवायचं नाही. क्विल ग्राइंड केलेलं असतं, त्याच्यावर एक खोच पडली की ती वरच्या बोअरमध्ये कायम घासत राहणार. मध्ये टेफ्लॉनची पातळ पट्टी आहे. क्विल पूर्ण वर घेतलं तरी माझ्या मशीनवर खाली रिंगेपुरती कड शिल्लक राहते, ती आधी मोजून मगच पाटीची जाडी ठरवली.

मॅग्नेटनं चिकटणाऱ्या रिंगा मिळतात, त्या मी घेत नाही. लोहचुंबक चिप्स ओढतं. लोखंडाचं काम करून दुपारी बघावं तर रिंगेला दाढी फुटलेली असते, आणि ती दाढी हातानं काढायची म्हणजे बोटात कुसळं.

रिंगेच्या तळाला खोलगट गाळा काढला आणि त्यात एलईडीची पट्टी बसवली. पट्टी सीओबी प्रकारची, म्हणजे सुटे ठिपके न दिसता सलग उजळणारी. ती सपाट बाजूनं वळते, कडेनं वळत नाही, त्यामुळे गोल गाळ्यात एका तुकड्यात बसत नाही. चोवीस व्होल्टच्या माझ्या पट्टीवर दर ५० मिमीला कापायची खूण होती. तसे आठ तुकडे कापून अष्टकोनात मांडले आणि शेजारच्याला शेजारचा बारीक तारेनं सोल्डर करत गेलो. सगळे मिळून चार वॅट. अॅल्युमिनियमची रिंग एवढी उष्णता सहज पचवते, तासाभरानं हात लावला तर जेमतेम कोमट. वरून ३ मिमी दुधी पॉलीकार्बोनेटची चकती आणि कडेनं सिलिकॉन. सिलिकॉन घेताना नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलंय का बघा. शिरक्यासारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि तांब्याचे सांधे हिरवे करतं.

वायरीला क्विलच्या प्रवासाइतकी ढील लागते, माझ्याकडे तो प्रवास १२५ मिमीच्या आसपास आहे. ढील हेडच्या मागच्या बाजूला फास करून ठेवली आहे. पुढं लोंबली तर आज ना उद्या कटर तिला गुंडाळणार. आखूड कटर आणि उंच जॉब असला की रिंग व्हाइसला आपटायला बघते, तेव्हा एक स्क्रू सैल करून ती कटरवरून खाली काढून घेतो.

रिंग लावल्यावर पहिल्यांदा काम केलं तेव्हा जॉबमधल्या खोलगट खिशात कटर घालताना आतला तळ दिसला. आधी तिथं काळा खड्डा असायचा, कटर तळाला गेला की नाही हे आवाजावरून ठरवायचो. आता चारही कोपरे दिसतात, दात सोडून जाणारी चिप दिसते, ऑइलचा थर दिसतो. कापताना यापेक्षा चांगला उजेड मला ठाऊक नाही.

पण नुसत्या रिंगेवर थांबणाऱ्यांशी माझं पटत नाही. रिंग चारी बाजूंनी सारखा उजेड देते, सावली पुसून टाकते, आणि सावलीसोबत मार्किंगही पुसून टाकते. आम्ही मार्किंगच्या आधी जॉबवर मोरचुदाचं पाणी फिरवतो. स्टीलवर तांब्याचा पातळ तांबूस थर बसतो आणि हाइट गेजच्या टोकानं ओढलेली रेघ त्यावर पांढरी उठते. ती रेघ म्हणजे खरं तर बारीक चर. तिची एक कड उजेडात आणि दुसरी सावलीत असली तर ती रेघ म्हणून दिसते. रिंगेखाली दोन्ही कडा सारख्याच उजळतात, आणि हातभर अंतरावरून चांगली ओढलेली रेघसुद्धा शोधावी लागते. फिनिशचंही तेच. कटरच्या दातांचे वळ, कडेला उठलेली बर, व्हाइसच्या जबड्यावर राहिलेली चिप, हे सगळं सपाट उजेडात लपतं. १९४८ च्या कारखाना कायद्याचं १७वं कलम डोळ्यांना ताण येईल किंवा अपघात होईल इतकी सावली नको म्हणायचं. त्यातलं ‘इतकी’ मला फार नेमकं वाटतं. सावली मुळीच नको असं तिथं म्हटलेलं नव्हतं.

म्हणून दुसरा दिवा तिरका. जुन्या बाजारात, बुधवारी, मशीन लॅम्पचा तीन सांध्यांचा हात मिळाला, ओतीव सांध्यांचा, स्प्रिंग वॉशर शाबूत असलेला. त्याच्या टोकाला नाना पेठेतून आणलेला ट्रकचा वर्क लॅम्प लावला. मोठ्या ट्रकची वायरिंग चोवीस व्होल्टची असते, त्यामुळे तो थेट एसएमपीएसवर चालतो. बॉडी अॅल्युमिनियमची, पाण्यापासून बंद, आणि खड्ड्यांतून धावायला बनवलेला, तेव्हा मिलिंगच्या थरथरीची त्याला फिकीर नाही. सळईच्या परीक्षेतही पास झाला. १८ वॅट म्हणजे या कामाला जरा जास्तच, म्हणून पुढं दुधी पॉलीकार्बोनेटचा तुकडा आणि वर आतून काळा रंग दिलेली पत्र्याची झापड. झापडेशिवाय तो डोळ्यांत घुसतो. डिमर लावलेला नाही, तोही विचार करूनच. स्वस्त डिमर दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतात, म्हणजे जी लुकलुक एवढ्या खटपटीनं घालवली ती मागच्या दारानं परत आणतात.

हा हात टेबलावर बसवायचा नाही, टेबल सरकलं की उजेडाचा कोन बदलतो. कॉलमच्या डाव्या बाजूला दोन एम८ बोल्टनी धरला आहे. दिवा व्हाइसच्या जबड्याच्या किंचित वर येतो आणि उजेड जॉबवरून जवळपास घासत जातो. कोन जितका कमी तितकी रेघ ठळक. साधारण १५ अंशांवर मोरचुदावरची रेघ दोरी ताणल्यासारखी उभी राहते.

तिरक्या दिव्याची खरी किंमत गिरणीच्या शाफ्टवर कळते. २५ मिमीचा शाफ्ट, त्यात ८ मिमी रुंद आणि ४ मिमी खोल की-वे. शाफ्ट व्ही-ब्लॉकमध्ये धरायचा, ८ मिमीचा स्लॉट ड्रिल कटर, साधारण ८०० आरपीएम. आधी कटर शाफ्टच्या कुशीला आणायचा. कागदाची लांब पट्टी ऑइलमध्ये बुडवून शाफ्टला चिकटवतो, बोटं लांब राहावीत म्हणून लांब. फिरत्या कटरकडे टेबल डायलच्या एकेका घरानं, म्हणजे ०.०२ मिमीनं सरकवायचं. रिंगेच्या उजेडात कागद आणि कटर यांच्यातली फट बारीक होत होत केसाएवढी होते, मग दिसेनाशी होते, आणि पुढच्या एक-दोन घरांत कटर कागद ओढतो. टेबल खाली घेऊन १६.५ मिमी अधिक कागदाची जाडी एवढं आत गेलं की कटर शाफ्टच्या बरोबर मध्यावर.

आता वरचा स्पर्श. इथं रिंग बंद आणि तिरका दिवा चालू. की-वेची ४ मिमी खोली शाफ्टच्या माथ्यापासून मोजायची असते, म्हणून माथा नेमका कुठं लागला हे कळलं पाहिजे. शाफ्ट गोल, कटर सपाट. कटर माथ्याला टेकतो तेव्हा आधी एक अगदी अरुंद चकचकीत ओरखडा उठतो. तिरक्या उजेडात तो ओरखडा पहिल्याच क्षणी दिसतो. तिथं डायल शून्य करायचा. सपाट उजेडात तो नजरेतून निसटतो आणि चकाकी चांगली रुंद होईपर्यंत आपण खाली जातच राहतो. कटरची पूर्ण ८ मिमी रुंदी उमटते तेव्हा आपण माथ्याच्या ०.६६ मिमी खाली पोचलेले असतो. तिथून ४ मिमी मोजले तर चावी पुलीच्या भोकात सैल बसते आणि गिरणीवाल्याचा पट्टा दर झटक्याला ती हलवत राहतो.

उजेडाचा रंग मी ४००० केल्विन, सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा आकडा, ९० असा घेतला. ६५०० चा पांढराशुभ्र दिवा दुकानात जास्त उजळ वाटतो, पण मला चिपचा रंग वाचायचा असतो. हायस्पीड स्टीलच्या कटरनं माइल्ड स्टील कापताना चिप चंदेरी किंवा फिकट गवती असली तर ठीक. गवती रंग गडद होऊन निळ्याकडे झुकला की कटरची धार जळायला आलीय, वेग कमी करा नाहीतर कूलंट वाढवा. निळसर दिव्याखाली गवती आणि चंदेरी यांतला फरक मला सापडत नाही, आणि तोच फरक कटर वाचवतो.

दोन्ही दिवे एकदम क्वचितच लावतो. कापताना रिंग, मार्किंगवर जाताना आणि स्पर्श घेताना तिरका, आणि जॉब व्हाइसमध्ये असतानाच व्हर्नियर लावायचा तर दोन्ही. पुतणीनं डबीवर खडूनं दोन स्विचखाली ‘काप’ आणि ‘बघ’ असं लिहून ठेवलंय. पॉलीकार्बोनेट आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसावं लागतं. थिनर लावला तर त्याला जाळीदार तडे जातात. चिप्स झटकायला हवेचा पाइप रिंगेच्या दिशेनं धरायचा नाही, बारीक कण कडेच्या सिलिकॉनखाली शिरतात.